दगडी छत

१२ फेब्रुवारी

आज छताने आवाज केला.

जेवणाची सुट्टी होती. नव्या इमारतीच्या लॉबीत सामसूम, ड्रिल मशीनं बंद. मी खाली उभी राहून पॅनेलचे सांधे बघत होते आणि वरून 'टक्' — बोटं मोडावीत तसं. एकदाच. आमचा मिस्त्री परांचीवर होता. त्याला विचारलं, ऐकलंस का. म्हणाला, "ताई, नवीन काम आहे, अंग मोकळं करतंय." मी हसले. पण हसता हसता बाजूला सरकले.

१३ फेब्रुवारी

नवऱ्याला चहा घेताना सांगितलं. "छतं बोलायला लागली तर धंदा बंद करावा लागेल आपल्याला," म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. दोघांनी मिळून उभा केलेला धंदा. छतं लटकवणं — एवढंच येतं आम्हाला.

ऑफिसात सगळी ड्रॉइंगं पसरून बसले. आधी हे छत अ‍ॅल्युमिनियमचं होतं. स्लॅबमध्ये अँकर, म्हणजे भार पेलणारे बोल्ट, मारून झाले, त्यांना रॉड लटकले आणि मग आर्किटेक्ट बाईंना दगड हवासा वाटला. पातळ, पण खराखुरा दगड. वजन दुपटीच्या वर. मी नवीन ड्रॉइंग केलं, रॉडजवळ लिहिलं — 'वाढीव वजनाला अँकर चालतील का, इंजिनिअरनी कळवावे.' बिल्डरच्या मॅनेजरमार्फत पाठवलेलं ड्रॉइंग परत आलं ते आर्किटेक्टच्या मंजुरीचा शिक्का घेऊन. मला वाटलं, कळवलं.

कुणी कळवलं?

१४ फेब्रुवारी

इंजिनिअरला फोन केला. म्हातारा सज्जन माणूस. "दगड? कसला दगड? माझ्याकडे पत्र्याचं वजन आहे."

फोन ठेवला आणि लगेच मॅनेजरला मीटिंग लावायला सांगितलं.

१५ फेब्रुवारी

मीटिंग. बिल्डरचा मॅनेजर, आर्किटेक्ट बाई, मी. इंजिनिअर फोनवर.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा शिक्का रंग, सांधे आणि उंचीपुरता असतो. वजन पेलणं माझ्याकडे येत नाही." इंजिनिअर म्हणाला, "माझ्याकडे ड्रॉइंगच आलं नाही." मॅनेजर म्हणाला, "मी पोस्टमन आहे का?" तिघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. हेच मला जास्त भीतीदायक वाटलं. एवढी शिकलेली माणसं, एवढे शिक्के, आणि त्या दगडाचा भार कुणीच मोजलेला नाही.

मी म्हटलं, एक अँकर ओढून बघू. तोवर लॉबी बंद ठेवा, परांची काढू नका.

मॅनेजर म्हणाला, "सोमवारी उद्घाटन आहे. पाहुण्यांना परांचीखाली बसवू? आवाज ऐकला म्हणून? उद्या म्हणाल, स्वप्न पडलं." बाई किंचित हसल्या. माझे कान तापले.  फक्त म्हटलं, परांची माझी आहे, मी काढणार नाही.

१६ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरकडे सासूबाईंना नेलं. बाहेर थांबायच्या खोलीत लटकतं छत. सासूबाई म्हणाल्या, "दात माझा काढायचाय, घाम तुला का फुटलाय?" त्यांना उठवून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. कारण सांगितलं नाही.

नवरा आज पहिल्यांदा चिडला. "वरच्या मजल्यांचं काम हातचं जाईल. तू खोटी ठरलीस तर?" खोटी ठरले तर तोंड दाखवायला जागा नाही. खरी ठरले तर — त्या लॉबीत टाइल्सवाले अजून गुडघ्यावर बसून काम करतायत.

मीच फोन करून त्यांना बाहेर काढलं. त्यांचा ठेकेदार मला वाट्टेल ते बोलला. बोलू दे.

१७ फेब्रुवारी

इंजिनिअर स्वतः आला, ओढून बघायचं यंत्र घेऊन. मॅनेजर घड्याळ बघत दारात. बाई आल्या, पण गाडीतच बसून राहिल्या.

एका कोपऱ्यातलं पॅनेल उतरवलं. यंत्र अँकरला लावलं. इंजिनिअर हळूहळू ताण वाढवत गेला, मी काट्याकडे बघत होते. काटा चढला, चढला आणि मध्येच थांबला. वाटलं, टिकला. मनात आलं — देवा, मी खोटी ठरले, किती बरं झालं.

मग अँकर सरकत खाली आला. आवाजही नाही. ओल्या मातीतून खुंटी यावी तसा. मागून काँक्रीटची भुकटी माझ्या केसांवर.

इंजिनिअरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळ्यांनी बाहेर," एवढंच म्हणाला. पहिला धावला तो मॅनेजर.

१८ फेब्रुवारी

उद्घाटन पुढे ढकललं. मिस्त्री आणि त्याची माणसं खालून टेकू देऊन एकेक दगड उतरवतायत. एक उतरला की मी श्वास सोडते. नवरा दिवसभर माझ्या शेजारी उभा होता.  डबाही त्यानेच आणला होता.

भीती गेली असं वाटतंय. 

१९ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर आर्किटेक्ट बाई. चेहरा पांढराफटक. आत यायलाही तयार नाहीत. म्हणाल्या, "हेच दगडी छत मी गेल्या वर्षी एका नाट्यगृहात केलंय. पत्र्याच्या जागी दगड तिथेही मीच घातला. ते तरी कुणी तपासलं होतं का, रात्रभर आठवतेय, आठवत नाही."

चपला घालून तशीच त्यांच्यासोबत निघाले. दुपारचा खेळ होता, बाहेर रांग लागलेली. दारं उघडायच्या आत पोचलो. तिथला व्यवस्थापक वैतागला — "धोका आहे म्हणे! कोण म्हणतंय?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी म्हणतेय. हे छत माझं आहे."