चौरंगाची उंची आणि दुधनीचं वळण

सिल्वासा, १२ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप अनंतदादांस, आपल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे प्रभाकरचा, डाव्या हातानं साष्टांग नमस्कार (उजव्याचा खुलासा पुढे येईल). आपला गुडघा आणि वहिनींचा दमा आटोक्यात असावा. आम्ही इकडे सुखरूप आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे.

मध्यंतरी केबलवर परदेशातली माणसं फळीवर उताणी झोपून, पाय पुढे करून घाट उतरताना पाहिली. पंचवीस वर्षं गुरुत्वमध्य शिकवणाऱ्या मास्तरानं तो कधी अंगावर घेऊ नये, हे काही बरं नव्हे. लाकूड मात्र चांगलं हवं. आपण लग्नात स्वतः घडवून दिलेला फणसाचा चौरंग (गणपती त्यावर वर्षातून पाचच दिवस बसतात) माळ्यावर रिकामा होता. त्याला डोक्याकडे फळी जोडली. मसाटच्या कारखान्यातल्या संजूनं भंगारातली चाकं दिली. आसांना रबर असं बसवलं, की खांदा कलवला की चाकं त्या बाजूला वळावीत.

उंची होती नऊ इंच. गाडी इतक्या तत्परतेनं वळायची, की सरकारी नोकरीत मी तशी तत्परता पाहिलेली नाही. पण वेग आला की डुलायची, आणि तिसऱ्या फेरीत तिनं मला भाताच्या खाचरात ओतलं. म्हणून पाय कापले (चौरंगाचे) आणि तीन इंच ठेवले. विजयाला कौतुकानं दुधनीच्या उतारावर बघायला नेलं. मी सुटलो आणि तिनं चौरंग ओळखला. गाडी आता देवासारखी स्थिर होती, फक्त वळेना. उंचीबरोबर कलण्यातला जोरही गेला होता, हे मला वळणावर कळलं. मी थेट भिमाबाईच्या मासळीच्या टोपलीत. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, रस्ता तं तिकडं वळला ना." मनगट मोडलं. विजया आठ दिवस माझ्याशी बोललेली नाही.

आपला, प्रभाकर

ता. क. गणपतीला तेरा दिवस उरले. आखूड पायांचा चौरंग कोकणात फार शुभ मानतात, असं आपण थोरले भाऊ म्हणून विजयाला कळवावं.

ता. क. २. एका हातानं अंतर्देशीय चिकटवता येत नाही, म्हणून तिच्याकडे देतो आहे. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

दादा, वाचलं. चौरंगाचं राहू दे, देव पाटावर बसतील. यांनी लिहिलेलं नाही, पण वळणावर समोरून टेम्पो येत होता. त्यानं ब्रेक मारला म्हणून हे पत्र यांच्या अक्षरात आहे. मी रागानं गप्प नाही रे, बोलायला गेलं की रडू येतं. माळ्यावर यांनी आता सहा इंच उंच पायांची दुसरी फळी आणून ठेवली आहे. माझं ऐकत नाहीत, तुला घाबरतात. गणपतीची वाट बघू नकोस, लगेच ये.

विजया