बेडूक काढून टाकलेलं गाणं

दिंडोशी, गोरेगाव पूर्व

प्रिय दीप्ती,

यंदाच्या पंक रॉक गाण्यांमधलं काय ऐकायचं आणि काय ऐकून कान डेटॉलने धुवायचे, ते सांगायला बसलेय. दरवर्षी डिसेंबरात दुपारची भांडी आवरली की आपण दोघी खिडकीशी बसायचो, एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या, आणि वर्षभरात आलेल्या सगळ्या कॅसेटींची हजेरी घ्यायचो. तू अल्बम म्हण, मी कॅसेटच म्हणणार. यंदा दोन्ही इअरफोन माझ्याच कानात आहेत. गाणं दुप्पट ऐकू येतं आणि घाणही दुप्पट कळते. खरं सांगू, वर्ष नासलंय गो. फ्रीज बंद पडल्यावर दोन दिवसांनी उघडला की जो भपकारा येतो ना, तसं झालं मला.

ती अंधेरीची पोरं, 'शटर डाऊन', त्यांचं मागचं एक गाणं तुला बरं वाटलं होतं म्हणून मी मान देऊन ऐकायला बसले. फोटोत जीन्स गुडघ्यावर फाटलेली, पण इस्त्रीची घडी बघ कशी कडक. आणि पहिल्याच गाण्यात व्हायोलिन! बांगड्याच्या तिखल्यात कोणी श्रीखंड कालवलं तर कसं लागेल? शिसारी आली. बरं, पोरं संतापलीत कशावर? तर जिममधल्या एसीवर. पुढे आणखी संतापतात, पण कोणावर ते सांगतच नाहीत, सगळं 'तुम्ही' आणि 'ते लोक'. अरे मेल्यांनो, ज्याच्यावर ओरडायचं त्याचं नाव घ्यायला फाटते तर घरी बसा ना. आमच्या गावात शिमग्याला पोरं बोंब मारायची ती सरपंचाच्या अंगणात उभी राहून, त्याचं नाव घेऊन, त्याच्या बापाचंही घेऊन. आणि सरपंच वर त्यांना पोस्त द्यायचा, शिमग्याची बक्षिसी. ह्यांना कोण देणार पोस्त?

मग ते लंडनचे म्हातारे, 'रस्टी बकेट'. माझ्याच वयाचे, म्हणून मी जरा हळवी झाले होते. किती वर्षांनी परत एकत्र आलेत म्हणे. कशाला आले? एक ओळ म्हणतो आणि धापा टाकतो. त्या धापा तेवढ्या तालात आहेत. शेवटचं गाणं बायकोची माफी मागणारं, आणि बायको कधीच मेलेली. जिवंत होती तेव्हा काय तोंडात बोळा कोंबला होता ह्याच्या? मी तिथेच बंद केलं आणि चूळ भरून आले.

तुला सांगण्यासारख्या दोनच निघाल्या. एक शिलाँगच्या चार पोरींची, 'नो शुगर'. माझा कुकर व्हायच्या आत आख्खी कॅसेट संपली, झकास! भाषेचं एक अक्षर कळत नाही, पण तिसऱ्या गाण्यात ती पोरगी जी ओरडते ती घरातल्याच कोणावर तरी ओरडतेय हे मी पैजेवर सांगते. बाहेरच्यावर माणूस असं ओरडत नाही. दुसरी आपल्या दहिसरची, 'चेकनाका'. दोघंच आहेत, बहीण-भाऊ. नदीच्या पुलाखाली बसून फोनवरच रेकॉर्ड केलंय. मधेच ट्रकचा हॉर्न येतो, तर ही दोघं थांबत नाहीत, उलट गाणंच त्या हॉर्नच्या सुरावर सरकवतात. त्यांची आई मासळी विकते, तिच्यावर एक गाणं आहे. गिऱ्हाईक कोलंबी हातात घेतं, दाबून बघतं, नाकाशी नेतं आणि मग 'नको' म्हणतं. त्या 'नको'नंतर ती बाई जे बोलते तेच कडवं. मी हसून हसून लादीवर आडवी. हे ऐकच. मुलुंडला तुझ्या भावाच्या घरी मोठ्याने लाव, सुबोधला जरा जाग येईल.

मला ह्या नादाला तूच लावलंस, आणि कधी लावलंस ते मला चांगलं आठवतं. तुझे सासरे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत घरात नुसती कुजबुज. बायका यायच्या, माझ्या बाजूला बसायच्या आणि असं हळू बोलायच्या की जणू ते आत झोपलेत नि जागे होतील. विधवेने कसं रडायचं ह्याचा पण आवाज ठरलेला असतो. मला तर ओरडायचं होतं. तू सकाळी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून यायचीस, त्या दिवशी आलीस, हात धुतलेस, माझ्या कानात ते इअरफोनचं बोंडूक घातलंस. आत एक बाई नुसती बोंबलत होती. मी ओट्याला धरून मोठ्याने रडले, पहिल्यांदा. बाहेर कमलमावशी सगळ्यांना म्हणाली, भजन लावलंय वाटतं, भरून आलं बिचारीला. आपण दोघी त्यावर किती दिवस हसलो!

आता एक कॅसेट राहिली. ती मी टाळतेय हे तुला केव्हाच कळलं असेल. नवरात्रात आलेली, 'कोरडा नळ'ची. बँडचं नाव तू ठेवलेलं, बास गिटार तू वाजवायचीस, आणि गाणारा माझा झील, म्हणजे तुझा नवरा निलेश. मी ती तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरच ऐकली होती. कानाने ऐकायला मला इतके दिवस लागले.

त्यातलं ते गाऱ्हाण्याचं गाणं कसं झालं ते मी विसरले असेन असं त्याला वाटतंय की काय कोण जाणे. पंप जळला होता, सातव्या माळ्यावर थेंब नाही, आणि चेअरमनने आपली वेगळी टाकी गुपचूप भरून घेतलेली. तू लॅबमधून आलीस ती तापलेली. त्याच्या आधी कधीतरी मी तुला गाऱ्हाणं म्हणून दाखवलं होतं. तुझं माहेर साताऱ्याकडचं, तुम्हाला ते ठाऊक नाही. देवळात गावकर देवासमोर उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला मागे उभी असलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं. मी लहानपणी खांबाआडून ऐकून पाठ केलेलं. आणि तू त्या दिवशी पदर नाही, ओढणी नाही, लॅबच्या कोटात, बादली पालथी घातलीस, तिच्यावर लाटणं हाणलंस आणि सुरू झालीस. 'बा देवा म्हाराजा, आज जी काय सातव्या माळ्यावरची लेकरा रिकामे हंडे घेवन उभी आसत, तेंच्या नळाक पाणी येऊ दे रे म्हाराजा!' मी गॅसपाशी, माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'व्हय म्हाराजा!' 'आणि ज्या चेअरमनान आपली टाकी भरून घेतल्यान, तेच्या टाकीत बेडूक सोड रे म्हाराजा!' व्हय म्हाराजा! चुकीचं मालवणी, पण काय आवाज होता बाये. समोरच्या वसुधाने दार उघडून विचारलं, कोणाच्या अंगात आलंय? तुझ्या आलं होतं. तो बेडूक पण तुझाच.

आता कॅसेटमध्ये काय आहे ते सांगते. बेडूक नाही. चेअरमन नाही. पाणी पण नाही. 'ह्या शहराला सुखी ठेव म्हाराजा, सगळ्यांना हसू दे म्हाराजा', साबणाच्या जाहिरातीसारखं. मी विचारलं, बेडूक कुठे गेला रे? तर म्हणतो, आई, लोकांना ऑफेन्सिव्ह वाटतं. अरे, वाटावं म्हणूनच सोडला होता ना तो टाकीत! पण खरी ओकारी मला पुढे आली. गाऱ्हाणं घालतो निलेश, आणि मागून 'व्हय म्हाराजा' येतं ते पण निलेशचंच. मशीनवर एकाचे पाच आवाज केलेत. मागणारा तोच, हो म्हणणारा तोच. माझ्या उभ्या जन्मात मी असं गाऱ्हाणं ऐकलं नाही. देवळात गावकर एकटाच उभा राहून स्वतःलाच 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागला तर लोक त्याला धरून वैद्याकडे नेतील. तुझा आवाज काढला, माझा काढला, आणि त्या जागी स्वतःला उभं केलं. आणि खाली लिहिलंय, शब्द आणि संगीत निलेश. मी त्याला 'आवशीक खाव तुझ्या' म्हणणार होते, मग लक्षात आलं की आवस, म्हणजे आई, मीच.

तू ते खालचं नाव वाचलंस, इअरफोन काढलेस, डबा धुवून पालथा घातलास आणि पिशवी भरून सुबोधकडे गेलीस. सगळ्या माळ्यावर चर्चा, एका गाण्यासाठी कोणी घर सोडतं का? तुम्हाला मूल नाही, म्हणून त्यांना वाटतं बाई हलकीच असते, उचलली पिशवी की झालं. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याने तुमचं नाव पुसून स्वतःचं लिहिलं तर तुम्ही काय त्याला आमटी वाढाल? त्यातल्या दोघी वाढतील, मला माहितीये. निलेशचं तर आणखी भारी. मला म्हणतो, गाणं घरातच राहिलं ना आई, तिचं काय नि माझं काय. हे वाक्य ऐकून मला त्या फ्रीजचाच वास आला.

मागच्या आठवड्यात कॅसेट काढणाऱ्या कंपनीची माणसं घरी आली, व्हिडिओ करायला. निलेशने मला नवीन साडी नेसवली, तुझा बास भिंतीला टांगला, कोपऱ्यात कुठूनतरी आणलेला तांब्याचा हंडा मांडला आणि मला पढवलं. आई, एवढंच सांग की लहानपणी तू मला गाऱ्हाणं म्हणून दाखवायचीस आणि त्यातून मला हे गाणं सुचलं. ह्याला लहानपणी! जत्रेत गाऱ्हाणं सुरू झालं की हा माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपायचा. मी शहाण्यासारखी खुर्चीत बसले. रेवती म्हणून एक मुलगी होती, गोड बोलणारी. तिने विचारलं, आजी, निलेश सरांनी हे गाणं ह्याच किचनमध्ये लिहिलं ना? मी म्हटलं, निलेश सर त्या दिवशी ऑफिसच्या पिकनिकला अलिबागला होते. गाणं माझ्या सुनेने केलं, त्या बादलीवर, ती बघ मोरीत आहे. कॅमेरावाला फिसकन हसला. निलेश ओरडला, कट, कट! मी म्हटलं, तू बेडूक कट केलास तेवढं पुरे झालं. मग सगळं सांगितलं, तुझ्या चुकीच्या मालवणीसकट, आणि 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं ते पण.

ती माणसं गेल्यावर निलेश मला म्हणाला, आई, तू माझी आहेस की तिची? मी म्हटलं, तुझी आहे म्हणूनच मला लाज वाटते, दुसऱ्याचा असतास तर नुसती हसले असते. खोटं कशाला सांगू, त्याचं पडलेलं तोंड मलाही बघवलं नाही. मीच जन्म दिलाय, आणि तुझ्या सासऱ्यांचं, गुणाजींचं नाकही त्याच तोंडावर आहे. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. घर माझ्या नावावर आहे, म्हणून न बोलता राहतो.

व्हिडिओच्या आधी तोच माझ्या मागे लागला होता, आई तू दीप्तीला पत्र लिही, बोलाव तिला, तुझं ऐकेल ती. म्हणून लिहिलं, मी आज्ञाधारक आहे. पण हे बोलावणं नव्हे. यायचं की नाही ते तुझं तू बघ, मी मध्ये पडणार नाही, मला तुझी आठवण येते हे पण इथे लिहीत नाही. मी लिहितेय ते रेवतीसाठी. तुझा नंबर मी तिला दिला. ती म्हणाली, गाण्यावरचं नाव बदलायचं तर ज्याचं गाणं त्यानेच सांगायला हवं, आजीच्या सांगण्यावर होत नाही. तिने तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, आणि मी बोलावून घेईन ह्या भीतीने माझाही उचलत नाहीस. ती सोमवारी दुपारी परत करणार आहे. तुझी एक खोड मला ठाऊक आहे, कोणी काही विचारलं की तू 'आम्ही केलं' म्हणतेस. पोळ्या लाटल्यास तरी आम्ही, रात्रभर जागून चाल बांधलीस तरी आम्ही. ह्या खेपेला तसं म्हणशील तर मी मुलुंडला येऊन तुझे कान उपटीन. फोन उचल. ती विचारेल, गाणं कोणाचं? तुझं नाव सांग, आडनावासकट, माहेरचं लाव नाहीतर सासरचं, पण तुझं सांग.

तुझीच, आणि इलाज नाही म्हणून त्याचीही आई,
रत्नप्रभा