हॅल्वर्सनसाहेबांचं खोगीर

वायोमिंग, एप्रिल १९६१

प्रिय आई,

अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, चालवून घे. सातवीनंतर पेन्सिलीपेक्षा दोरच जास्त हातात राहिला. दोन वर्षांतली ही तिसरी रँच, पण इथे जरा टिकेन असं वाटतंय. कारण टीव्हीवरची शनिवारची तुझी मालिका.

ती लागली की आमच्या खोलीत कुणी पत्ते पिसत नाही. शेवटी पडद्यावर ‘लेखक : व्ही. हॅल्वर्सन’ येतं आणि वाद सुरू होतो. आमचा मुकादम ऑरिन म्हणतो, "हा म्हातारा अस्सल गुराखी आहे. दोरात अडकून एक अंगठा नक्की गेलाय त्याचा." स्वयंपाकी ल्यूथर म्हणतो, "अंगठ्याचं माहीत नाही, पण बायकोला घाबरतो. नाहीतर बायकांचं बोलणं इतकं बरोबर कुठून लिहील?" मी आपला बीन्स खात गप्प. तुझं माहेरचं नाव इथे कुणाला ठाऊक?

मला मात्र सगळं आठवत असतं. बाबा गेल्यावर बेकर्सफील्डच्या गुरांच्या बाजाराजवळ, त्या खाणावळीत तू कॉफी ओतायचीस आणि गुराख्यांच्या गप्पा ऐकत राहायचीस. मग घरी ओट्यावर टाइपरायटर. पहिला सिनेमा विकला गेला तेव्हा निर्मात्याने हॅल्वर्सनसाहेबांना भेटायला बोलावलं आणि तू सांगितलंस, साहेब आजारी असतात, कागद मीच पोचवते. साहेब बारा सिनेमे आजारीच राहिले! आणि घोडा दिसला की रस्ता ओलांडणारी बाई घोडदौडी लिहीत राहिली.

इथे आल्यावर, हिवाळ्याच्या सुरुवातीला मी तुला चिडून लिहिलं होतं, आठवतं? गारठलेला लगाम मी तसाच घोडीच्या तोंडात घालत होतो, तर ऑरिन खेकसला, "आधी तुझ्या जिभेला लावून बघ, गाढवा!" आणि त्याने ते लोखंड स्वतःच्या काखेत धरून गरम केलं. गेल्या महिन्यात तेच पडद्यावर! पाठलाग करणारे टेकडीपर्यंत आलेत, आणि तुझा नायक लगाम काखेत धरून उभा. ऑरिन हळूच म्हणाला, "याने आपल्याकडचा हिवाळा काढलाय."

मग तुझं पत्र आलं. शायेनच्या रँचवाल्यांचा मेळावा वर्षातल्या उत्तम गोष्टीसाठी हॅल्वर्सनसाहेबांना खोगीर देणार, आणि ते घ्यायला स्टुडिओ कुणातरी नटाला हॅट घालून, हॅल्वर्सनसाहेब म्हणून पाठवणार. तू हो म्हणालीस. का, तर बाई निघाली हे कळलं की या लोकांचा विश्वास उडेल. आई, ते वाचून मी दिवसभर खुंटे ठोकत होतो, एकही सरळ गेला नाही.

शनिवारी तुझं नाव पडद्यावर आलं आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, व्ही म्हणजे व्हर्ना. माझी आई. ल्यूथर इतका हसला की त्याच्या हातातलं पातेलं पडलं. "बघ! मी म्हणत नव्हतो?" ऑरिन हसला नाही. त्याने विचारलं, "घोड्यावर बसते?" म्हटलं, घाबरते. त्याने तंबाखू डब्यात थुंकली. "मग ते काखेतलं?" म्हटलं, ते तुमचं. मी तिला लिहिलं होतं. त्याने हात लांबवून टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं मी पोरांवर खेकसतोय. कुणीतरी ऐकलं म्हणायचं." आणि उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, वारा आहे. वारा नव्हता.

म्हणून हे पत्र. त्या नटाला पाठवू नकोस. तू ये. ऑरिनने मालकाकडून ट्रक मागून घेतलाय, जुने बूट घासूनही ठेवलेत. आम्ही तिघं येतोय. तो हॅटवाला उभा राहिलाच, तर ऑरिन त्याला भर मेळाव्यात लगामाबद्दल विचारणार आहे, आणि ऑरिन कुणाचं ऐकायचा नाही. दारात घोडे असतील, तर तुझ्या आणि त्यांच्या मध्ये मी चालेन. खोगीर मी उचलेन. हॅल्वर्सनसाहेबांचं नाव पुकारलं की तू फक्त उभी राहा. व्ही म्हणजे कोण, हे ओरडून सांगायला आम्ही मागच्या बाकावर आहोत.

तुझाच, आणि आता हे इथे सगळ्यांना माहीत असलेला,
आर्लो