चढाचा गिअर

सोमवार, ३ फेब्रुवारी

खट्! परत खट्! नवी कोरी सायकल, आठवडा झाला नाही, आणि चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढायला तयार नाही. चढली तरी टिकत नाही, लगेच खाली उडी. नेमका तोच गिअर चढाला लागतो. आणि मधली टेकडी ओलांडल्याशिवाय लेकीचं घर येत नाही.

बस आहे. तासातासाला आहे. पण बसने गेलो तर बायकोला न्यायला आलो, असं दिसेल. सायकलने गेलो तर— व्यायामाला निघालो होतो, सहज वळलो, चहा असला तर द्या! तीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलीत. एवढी अक्कल आहे.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली. बाळ आता बसायला लागलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सायकल उलटी केली— सीट खाली, चाकं वर. हाताने पेडल फिरवत कान लावला. बिघाड कानानेच पकडायचा, ही माझी जुनी रीत. जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरायचं दुकान होतं तेव्हा मीटर लावायच्या आधीच सांगायचो, "बेअरिंग गेलंय, उघडा." केबलचा ताण पाव फेरा वाढवला. मग आणखी पाव. आवाज गेला. रेशीम!

बाहेर काढली. पेट्रोल पंपाचा चढ लागला आणि— खट्.

शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "नवी सायकल? कुणासाठी हो?"

"गुडघ्यांसाठी," म्हटलं. हसली आणि आत गेली. थांबली असती तर आणखी एक विनोद तयार होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बायकोने मागितलं तरी काय होतं? दुकान विकताना म्हणाली, पुढची दहा बाय आठची जागा तेवढी ठेवा, शिवणकाम सुरू करते. मी हसलो. "या वयात दुकान? आपल्याला काय कमी आहे?" तीही हसली. मला वाटलं, मिटलं!

पंधरा दिवसांनी बॅग भरली तिने. बॅगेत कापड बेतायची मोठी कात्री होती. बाळंतपणाला कात्री कशाला— मी विचारलंच नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

तिचा फोन. "बरे आहात?" "बरा आहे. तू?" "मीही." "बाळ?" "झोपलंय." दीड मिनिटात संपलं.

नंतर दिवसभर घरात शब्द नाही. संध्याकाळी दूधवाल्याला उगीच थांबवून थंडी कमी झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "झाली ना," आणि जिना उतरलासुद्धा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हात टेकले. सायकलवाल्याकडे गेलो. जाड चष्मा, पन्नाशीचा गडी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उलटी करून ऐकता?"

"हो."

"वर माणूस नसताना कुठली सायकल कुरकुर करते, काका? बसा. मी मागून पळतो."

आणि खरंच पळाला! माझ्या मागच्या चाकावर डोळे लावून, अर्धी गल्ली. धापा टाकत वाकला. "ही बघा. गिअर ज्या पट्टीवर टांगलाय ती पट्टीच आत वाकलीय. खोक्यात दबली असणार. आणि तुम्ही बिचाऱ्या केबलला पिळताय!"

दहा मिनिटांत सरळ केली. चष्मा पुसत हसला. लाज वाटली. मोटार भार टाकल्याशिवाय पास करायची नाही, हे मीच कारागिरांना ओरडून सांगायचो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लागतो. टिकतो. पंपाचा चढ तीनदा चढलो. उद्या निघतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नाही गेलो. ब्रेक घासतोय असं वाटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ब्रेक घासत नाही. काल दोनदा खोलून बघितला. मीच घाबरतोय. ती "नाही" म्हणाली तर पुढे काय, ते ठरत नाही. उद्या काही झालं तरी.

रविवार, १६ फेब्रुवारी

टेकडी चढलो. एकदाही उतरलो नाही! छाती भात्यासारखी चालली होती, पण चेन हलली नाही.

लेकीने दार उघडलं. कडेवर बाळ. मी पाठ केलेलं सुरू केलं, "इकडून चाललो होतो, म्हटलं—"

तिचा चेहरा उतरला. "बाबा, आई इथे नाही. दोन महिने झाले."

"मग कुठे?"

"तुमच्याच गावात. लाकडाच्या वखारीमागे खोली घेतलीय. कपडे शिवते. मला शपथ घातली होती तिने."

मी ओट्यावर बसलो. पाणी आणलं तिने. बाळाला माझ्या मांडीवर दिलं. मग हळूच म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात बसने आला असतात ना बाबा, तर आली असती ती."

जेवून जा म्हणाली. नको म्हटलं. परतीच्या उतारावर पेडल मारावं लागलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वखारीमागे पायी गेलो. अकरा मिनिटं. दार उघडं, पुढे पडदा. आत शिवणयंत्र चालू होतं आणि यंत्राच्या तालावर ती गात होती. चौतीस वर्षांत तिचं गाणं मी ऐकलेलं नाही.

संपेपर्यंत उभा राहिलो. मग हाक न मारता परत आलो.