कुंपणाची छाटणी

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे ठीक. हे जाऊन सात महिने झाले. मागचं झाडांचं कुंपण माझ्या डोक्यावर गेलंय, स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावते. माळी येतो येतो म्हणाला, फिरकलाच नाही. ह्यांचं पेट्रोलवरचं छाटणीचं मशीन पडून आहे. तू बत्तीस वर्षं सरकारी बागेत हेच केलंस, मला शिकव. फोनवर लेक म्हणाली, नसते उद्योग करू नकोस. म्हणून तर करायचं आहे.

लोभ आहेच, पत्रही असू दे.
तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हट्टीपणा तसूभर कमी झालेला नाही! जुनं पेट्रोल काढून टाक. ताज्यात ऑइल मिसळायचं, प्रमाण मशीनवर लिहिलेलं असतं. इंजिन गार असतानाच भर. चष्मा, जाड हातमोजे, बंद बूट हवेत, कानांवरही काहीतरी घाल. अंगावर काही लोंबतं नको. आधी फांद्यांत तार किंवा घरटं आहे का बघ. उंच फांद्या करवतीने खाली घे. शिडीवर मशीन न्यायचं नाही, खांद्याच्या वर उचलायचं नाही. दोन्ही हात मुठींवर, आणि खालून वर छाट. तळ रुंद ठेवलास तर खालच्या पानांना ऊन मिळेल.

फांदी अडकली तर मशीन बंद कर, पाती थांबू दे, इंजिनच्या प्लगची टोपी काढ आणि मगच हात घाल. माझी दोन बोटं मशीन बिघडल्यामुळे गेली असं सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं. घरी जायची घाई होती, चालू मशीनमध्येच हात घातला. तुझ्या वहिनीलाही शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही, म्हणून तुला लिहितोय.

जपून कर.
दादा

२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झालं! दंड भरून आलेत, कड वेडीवाकडी झालीय, तू बघितली असतीस तर हसला असतास. मध्येच फांदी अडकली. हात पुढे गेलाच होता, तेवढ्यात तुझी बोटं आठवली. मशीन बंद केलं तर पलीकडून कुणीतरी खोकलं. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई, कुंपणाला लागून खुर्ची टाकून बसलेल्या. आमचा रेडिओ ऐकायला त्या रोज तिथे बसायच्या, कित्येक वर्षं. हे गेल्यापासून मी तो लावलेलाच नाही. त्यांना वाटलं, मी घर सोडून गेले; आज मशीनचा आवाज ऐकून पुन्हा येऊन बसल्या. इतकी वर्षं तीन हातांवर होतो, दादा. मग त्यांनी न विचारताच फांद्या गोळा करायला घेतल्या.

तुझं कसं चाललंय? ते कधीच लिहीत नाहीस.
तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडे कुंपण नाही, नुसती भिंत. तिच्यापलीकडचे घड्याळवाले जिन्यात भेटले की मान हलवायचे. तुझं पत्र वाचून उठलो, त्यांचं दार वाजवलं. नव्याच माणसाने उघडलं. घड्याळवाले दोन महिन्यांपूर्वीच जागा सोडून गेले म्हणाला. मला कळलंही नाही. चुकून वाजवलं असं सांगून परत आलो.

लिहिण्यासारखं काही नसलं तरी लिहीत जा.
दादा