माझी सांडशी

अहो,

पहिल्या पाळीला निघालेय. आमटी जाळीच्या कपाटात आहे, गरम करून घ्या. पातेलं फडक्यानं उतरवा, कारण सांडशी तुम्ही मागच्या अंगणात भट्टीवर नेलीत आणि जाळून पार काळी केलीत. पन्नाशीला लोहारकामाची हौस आली ना, मग लोहाराची हत्यारं जमवा की! माझ्या ओट्यावर डल्ला कशाला मारता?

काल मरोळ नाक्यावरच्या लोहाराला विचारलं. तो म्हणाला, तापलेलं लोखंड धरायला लांब दांड्याची सांडशी लागते. त्याची एक जुनी घेऊन आलेय. पलंगाखाली माझ्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवलीय.

शेजारच्या सगुणाबाई ठोकाठोकीची तक्रार घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, ठोकू दे त्यांना. ह्यांच्या कंपनीला टाळं लागल्यापासून घरात माणूस आहे की नाही तेच कळत नव्हतं, आता निदान आवाज तरी येतो.

रविवारी मला सुट्टी आहे. भाता मी ओढीन. पहिली वस्तू मात्र माझी सांडशी करायची.

कमल