घोडीला वाचून दाखवलेलं पत्र

कोल्हापूर,
११ डिसेंबर १९७३

ती. सौ. अक्कास,

धाकट्या नृसिंहाचा तबेल्यातून साष्टांग नमस्कार. (अंगाला वास येतो, म्हणून लांबूनच.) मी खुशाल आहे. तुझी, दाजींची आणि म्हशीची प्रकृती कळव. दाजींची विशेष कळव; का ते पुढे येईल. हे पत्र आधी दाजींच्या हाती पडलं असेल, तर त्यांनी इथंच थांबावं ही विनंती.

तुला माहीतच आहे, राजारामपुरीतल्या तात्यासाहेबांच्या घोडीचा मी मोतद्दार, म्हणजे तिचं खाणं, खरारा आणि भीती माझ्याकडे. नाव रणरागिणी. ती छत्रीला भिते, वाळत घातलेल्या धोतराला भिते आणि सगळ्यात जास्त जमिनीवरच्या पांढऱ्या रेघेला. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या मागच्या दोन्ही स्पर्धांत ती सुरुवातीच्या फक्कीच्या रेघेपाशी जी थांबली, ती लोक घरी गेले तरी थांबलेलीच. म्हणून तात्यासाहेबांनी बजावलं होतं, यंदा रेघ ओलांडली नाही तर घोडी पन्हाळ्याला, सहलीच्या पोरांना पाठीवर फिरवायला. मग मोतद्दाराचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. (तबेल्यात आम्ही दोघंच. सकाळी दूधवाला येतो, पण तो सायकलवरून उतरत नाही.)

तिला शांत करायचा एकच उपाय, कानाशी सावकाश काहीतरी वाचत राहायचं. माझ्याकडे वाचण्यासारखं तुझं आषाढातलं पत्र होतं. पाच महिने रोज तेच वाचतो. घड्या फाटल्या, तिथं मागून कागद चिकटवला. (मूळव्याधीतला ‘मू’ तू ऱ्हस्व लिहिला होतास, तेवढा पेन्सिलीनं दीर्घ केला. राग नसावा.) आता ते मला तोंडपाठ आहे, आणि बहुधा घोडीलाही.

रविवारी स्पर्धा झाली. तात्यासाहेबांचे चिरंजीव श्रेणिक स्वार होते. रेघ नेमकी पंचांच्या टेबलासमोर. घोडी थांबली. गर्दीतून एकजण ओरडला, “पावणं, घोडं हाय का पुतळा? हार आणू व्हय?” मी धावत जाऊन लगाम धरला, तशी ती बिचकून आडवी वळली आणि मी टेबलावर रेटला गेलो. तिथूनच, तिच्या कानाशी, तुझं पत्र म्हणायला लागलो. टेबलावरचा माईक माझ्या तोंडाशी होता आणि चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे म्हैस व्याली, रेडी झाली, ह्यांच्या मूळव्याधीला ताकानं उतार आहे पण अजून बसवत नाही, तू पावसात भिजू नकोस, जेवताना तुझी आठवण होते, हे सगळं मैदानानं ऐकलं. ‘ह्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे कोणाला कळलं नसतं. पण मी शेवटपर्यंत म्हटलं; तुझं नाव, दाजींचं आडनाव आणि गडहिंग्लज, सगळं.

रणरागिणीनं कान सैल सोडले, एक सुस्कारा टाकला आणि रेघ ओलांडली. पाचही उड्या स्वच्छ. बाहेरच्या माणसानं मदत केली म्हणून पंचांनी तिला बाद केलं. मला वाटलं, संपलं. पण तात्यासाहेब डोळे पुसत हसत होते. म्हणाले, “नंबर ऱ्हाऊ दे, घोडी हलली की! हितंच ऱ्हाऊ दे तिला. आन् तुझं दाजी आता बसत्यात न्हवं?”

गर्दीत तुमच्या गल्लीतला बाळासो कंडक्टर होता. तो माझ्या पत्राआधी पोचेल अशी भीती आहे. दाजींना सांग, लोक हसले ते मला.

तुझा,
नृसिंह

ता. क. घोडी जुन्या पत्राला कंटाळली आहे. पुढची स्पर्धा संक्रांतीनंतर, त्याआधी नवं पत्र पाठव. मोठं असावं, दचकण्यासारखं काही नसावं. रेडी आता काय खाते, शेजारच्या अंबूबाई अजून भांडतात का, एवढंही तिला पुरेल.

ता. क. दुसरा. काल ते पत्र सापडत नव्हतं (उशीच्या अभ्र्यात होतं), म्हणून घोडीला पेपरातले गुळाचे भाव वाचून दाखवले. ती तितकीच शांत उभी राहिली. तरी पत्र पाठव.